ओठ उचलून बघू नका

"टाका घाला नि मोकळं करा आमाला. परतीची यष्टी चुकल."

बाई माझ्यासमोर उभी राहून हुकूम सोडत होती आणि माझ्या हातात अजून सुईदोराही नव्हता. खुर्चीत तिची सून. सुनेच्या मांडीवर सव्वा वर्षाचं पोर, संजू नावाचं. पोराचं तोंड पिवळं आणि लाल. पिवळं हळदीचं, लाल रक्ताचं. झबल्याचा पुढचा भाग वाळून कडक झाला होता आणि त्यावर पुन्हा ताजं ओलं दिसत होतं.

मी दातांचा डॉक्टर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रत्नागिरीच्या बाजारात एका लाकडी जिन्यावर दवाखाना थाटला. त्या काळी लोक आमच्याकडे येत ते दात उपटायला. बाकी सगळ्या दुखण्यांवर घराघरांत लवंग होती. शिमग्याच्या दिवसांत तर दवाखाना ओसच पडायचा. ज्याचा दात ठणकतोय तोही आधी पालखी नाचवणार आणि मग गाल धरून जिना चढणार. त्यामुळे शिमग्यात हे तिघं आले तेव्हा मला खरं म्हणजे बरंच वाटलं होतं. फार वेळ वाटलं नाही.

हातखंब्याच्या पलीकडचं गाव. आदल्या दिवशी पालखी त्यांच्या घरी आली होती. मुंबईवाले गावाला आलेले, अंगण माणसांनी भरलेलं. ढोल ऐकून पोर तुरुतुरु पुढे धावलं आणि चिऱ्याच्या पायरीवर तोंडावर आपटलं. देव घरात असताना घर सोडून जायचं कसं? म्हणून हळद भरली, रात्र काढली आणि सकाळच्या पहिल्या गाडीने आले.

मी तोंड पुसलं आणि पाहिलं. ओठ बाहेरून नीट होता. पुढचे दात जागेवर, हलत नव्हते. फाटलं होतं ते आत. तुम्ही आरशासमोर वरचा ओठ उचललात, तर ओठ आणि हिरडी यांना मधोमध जोडणारी एक पातळ पट्टी दिसेल. आम्ही तिला फ्रीनम म्हणतो. चालायला शिकणारं पोर तोंडावर पडलं की ही पट्टी हमखास फाटते. तिथून रक्त असं येतं की आईचा जीव अर्धा होतो. पण जखम किरकोळ असते आणि आपली आपण भरते. एरवी टाकासुद्धा लागत नाही.

करायचं एवढंच. स्वच्छ फडकं गार पाण्यात भिजवायचं, नाहीतर फडक्यात बर्फ गुंडाळायचा, आणि ओठाच्या बाहेरून दातांवर दाबून धरायचं. पोराला मांडीवर बसतं ठेवायचं, मान थोडी पुढे, म्हणजे रक्त घशात जात नाही. हळद, चुना, मशेरी काही भरायचं नाही. दहा मिनिटं घड्याळ लावून दाबायचं आणि मध्ये ओठ उचलून बघायचं नाही. हे शेवटचं आमच्या लोकांना जमत नाही. ओठ उचलला की नुकती धरलेली रक्ताची गुठळी सुटते आणि सगळं पहिल्यापासून.

"किती जणांनी ओठ उचलून बघितला?" मी विचारलं.

"कोनी नाय बघितलान ते इचारा," सासू म्हणाली. "आख्खी वाडी आली व्हती. मुंबैवाले पन. समद्यांनी बघितलानी." मग सुनेकडे हनुवटी करून म्हणाली, "एक हिनं तेवढा नाय बघितलान. जल्माला घातलेला पोर आनि एकदा वाकून बघन नाय. आयशीची जात ही?"

सून, तिचं नाव सुगंधा, पोराच्या हनुवटीवरचं रक्त पदराने टिपत राहिली.

मला राग आला आणि हायसंही वाटलं. कारण सापडलं म्हणायचं. आख्ख्या वाडीने ओठ उचलला तर रक्त थांबणार कसं? मी गार पाण्यात भिजवलेला गॉझ, म्हणजे पट्टीचं जाळीदार कापड, सुगंधाच्या हातात दिला, कसा दाबायचा ते दाखवलं आणि घड्याळासमोर उभा राहिलो. सासूचा हात दोनदा पोराच्या ओठाकडे गेला. दोनदा मी तो बाजूला केला. दुसऱ्यांदा जरा जोरात केला.

सुगंधाने मात्र हात हलवला नाही. दंड थरथरायला लागला तरी नाही. असं दाबणारी आई मी फार पाहिलेली नाही. जी ती मध्ये एकदा गॉझ काढून बघतेच.

वेळ झाल्यावर मी गॉझ काढला. भळभळ नव्हती. पण झिरपत होतं. मातीच्या मडक्यातून पाणी पाझरतं तसं, घाई न करता. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. हे मला आवडलं नाही. फाटलेली पट्टी दुसऱ्या दिवशी इतकी झिरपत नाही. म्हणून एक टाका घालू असं ठरवलं, भूल द्यायची सुई भरली, आणि पोराचे हात धरायला सोपं जावं म्हणून झबलं काढायला सांगितलं.

झबलं निघालं आणि मी सुई ट्रेमध्ये ठेवली.

पोराच्या नडग्या काळ्यानिळ्या होत्या. ते ठीक. चालायला शिकणाऱ्या कुठल्याही पोराच्या असतात. पण बरगड्यांवरही डाग होते. काखेखाली, पोराला उचलताना आपण जिथे धरतो तिथे, बोटांचे ठसे उमटले होते. काही निळे, काही जुने होऊन पिवळे पडलेले.

"ती बघा," सासू म्हणाली. तिला साक्षीदार मिळाल्यासारखं झालं होतं. "हिचे हात. चिमटं काढते पोराला, मारते. मी सांगून थकले. घोव मुंबैत, सांगनार कोनाला?"

"मारतेस याला?" मी सुगंधाला विचारलं.

तिने खाली बघून मान हलवली. "व्हय."

मी काही पोलीस नाही. पण इतका वेळ दंड थरथरत असताना फडकं दाबून धरणारी बाई पोराला बरगडीत मारते, हे माझ्या गळी उतरेना. शिवाय दुसरी एक शंका होती. कॉलेजात एक तास या विषयावर झाला होता. काही मुलगे जन्मतःच असे असतात की त्यांच्या रक्तात गोठण्यासाठी लागणारा एक घटक पुरेसा नसतो. त्याला हिमोफिलिया म्हणतात. साधं उचललं तरी डाग उठतो. आणि पुष्कळदा पहिल्यांदा लक्षात येतं ते याच वयात, याच पट्टीवरून. तसं असेल तर सुई टोचणं म्हणजे एका भोकाची दोन करणं. भूल द्यायच्या सुईने आत रक्त साचून गळा सुजला, तर पोर माझ्याच खुर्चीत गुदमरायचं.

मग हिस्ट्री विचारायची. म्हणजे घरात कुणाला काय होतं, कोण कशाने गेलं, हे. हा आजार येतो आईकडून. बायका स्वतः धडधाकट असतात, त्यांच्या मुलग्यांना तो होतो. म्हणून विचारायचं ते मामाबद्दल.

"घरात कुणाचं रक्त थांबत नाही असं आहे का?"

"आमच्यात कोनाचा नाय," सासू म्हणाली.

"हिच्या माहेरी?"

"त्यांच्यात पन नाय. समदा इचारूनच सोयरीक केली."

"मी हिला विचारतोय."

"ती काय येगळा सांगनार हाय?"

आमच्याकडे ही रीतच होती. सुनेला विचारलं की सासू उत्तर देणार. सुनेचा दात दुखत असला तर कुठला दुखतो तेही सासूच सांगायची, आणि एकदा अशाने मी चुकीच्या दाताला चिमटा लावायच्या बेतात होतो. तेव्हा हसून सोडलं होतं. इथे हसण्यासारखं काही नव्हतं. सुगंधा माझ्या बुटांकडे बघत होती.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक अडगळीएवढी खोली होती. तिच्यात मुंबईहून आणलेलं जुनं एक्स-रे मशीन. महिनाभर ते बंद पडून होतं. दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो चाललं होतं.

"एक्स-रे काढावा लागेल," मी म्हटलं. "त्याचे किरण वाईट असतात. पोर आणि पोराला धरणारी आई, दोघंच आत. बाकीच्यांनी जिना उतरून खाली थांबायचं."

"मी धरते. माझं वय झालाय, मना काय व्हतंय किरनांनी?"

"पोर आईजवळच गप्प बसेल."

ती कुरकुरत खाली गेली. जिन्यावरची पावलं थांबली तसं मी दार लावलं.

सुगंधा मशीनकडे बघून दाराला टेकली. पहिल्यांदाच आपण होऊन बोलली. "मना दिवस गेलेत. किरनांनी पोटातल्याला काय व्हनार नाय ना?"

"मशीन बंद आहे," मी म्हटलं. "तुझ्याशी बोलायचं होतं."

तिने डोळे मिटले. तिला कळलं होतं काय विचारणार ते.

"मी टाका घालू का नको, हे तुझ्या उत्तरावर आहे. खोटं सांगितलंस आणि मी सुई टोचली, तर पोर हाताचं जाईल."

तिने पोराच्या ओठावरचं फडकं पुन्हा नीट दाबून धरलं. मग सांगायला लागली. "माझा भाव. दत्ता नाव व्हता. शाळंत नाव घातला त्याच वर्साला गेला. दात हालत व्हता, बापसान दोऱ्यान काढलान. मग थांबलाच नाय. समदी ओठ वर करून बघत व्हती. मी पन बघितला. म्हनून काल नाय बघितला."

"हे लग्नात सांगितलं नव्हतं?"

"आवशीन शपथ घातलीन. ताप येऊन गेला म्हनून सांगायचा. माझ्या पाठीवर बहीन हाय. तिचा जमलाय, मे महिन्यात लगीन."

"मग मारतेस म्हणून कबूल का झालीस?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काहीतरी बावळटासारखं विचारलं होतं. "मारते म्हटला तर बोल लावतील. दत्ताचा कळला तर घरातना घालवतील."

ही बाई वर्षभर सगळ्या वाडीकडून स्वतःला पोर मारणारी आई म्हणवून घेत होती, आणि तो तिला स्वस्तातला सौदा वाटत होता.

"कोनाला सांगू नुका," ती म्हणाली.

"मोठ्या डॉक्टरला सांगावंच लागेल. बाकी कुणाला सांगणार नाही."

टाका घातला नाही. गॉझ तसाच दाबून धरायला लावला, रिक्षा बोलावली आणि तिघांना घेऊन एका मोठ्या खाजगी इस्पितळात गेलो. सासूला सांगितलं, रक्त तपासायचंय. तिथले फिजिशियन हुशार माणूस. शिमग्यामुळे निम्मा स्टाफ रजेवर, तरी ते तिथेच होते. मी त्यांना व्हरांड्यात गाठून मामाची गोष्ट सांगितली.

"सासूसमोर काढू नका एवढं," मी म्हटलं.

"हो हो," म्हणाले, आणि सिस्टरला हाक मारत आत गेले.

आता या आजारावर जे तयार औषध मिळतं ते तेव्हा आमच्या बापजन्मात पाहिलेलं नव्हतं. रत्नागिरीत उपाय एकच. धडधाकट माणसाचं ताजं रक्त. ज्याच्या रक्तात तो घटक आहे, त्याच्याकडून घेऊन पोराला हळूहळू द्यायचं. सुगंधा पोटुशी, तिचं घेता येत नव्हतं. माझा गट जुळला नाही. सासूचा जुळला.

बाई पन्नाशीच्या आतली, शेतात राबून काटक झालेली. एका शब्दाने का-कू केलं नाही. लुगड्याचा पदर खांद्यावरून सारला आणि दंड पुढे केला. "घ्या. लागंल तेवढा घ्या." आमच्याकडे रक्त द्यायचं म्हटलं की मिशीवाले पुरुष मागच्या दाराने पळायचे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. तिचं नातवावर प्रेम होतं. त्यात काही खोट नव्हती.

दुपार उलटल्यावर पोराच्या तोंडातलं झिरपणं मंदावलं. संध्याकाळी थांबलं. सुगंधाने गॉझ काढला आणि पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकली. पोर झोपलं होतं.

मी निघायच्या तयारीत होतो तेवढ्यात फिजिशियन राउंडवर आले. सासूने त्यांना अडवलं. "साहेब, पोराला झालाय काय ता तरी सांगा. रगात दिलाय मी."

तिचा हक्कच होता विचारायचा. आणि साहेबांनी सांगितलं. सरळ, मोठ्या आवाजात, सांगायची त्यांना सवय होती तसं. "आजी, हा रक्ताचा आजार आहे. आईकडून येतो. हिच्या भावाला होता, तोच याला. जपायला लागेल जन्मभर. इंजेक्शन टोचायचं नाही, दात काढायचा नाही." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

सुगंधा पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला लागली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

सासू ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिच्या कोपरात रक्त घेतल्याजागी कापसाचा बोळा दाबलेला होता. तो तिने काढून बघितला आणि पुन्हा ठेवला. मग सुनेला नाही, मलाही नाही, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "माझा रगात चालला त्याला. हिचा नाय चालला."

मी साहेबांना जिन्यात गाठलं. "तुम्हाला म्हटलं होतं, सासूसमोर नको."

"मी खोटं बोललो?"

"नाही."

"उद्या गावात कुणी याला ढुंगणावर सुई टोचली तर? पोर सांभाळणार कोण, ती म्हातारीच ना? तिला माहीत नको?"

"माहीत हवं. पण..."

"पण काय, डॉक्टर?"

त्यानंतर बरीच वर्षं झाली. अधूनमधून आठवतं, तेव्हा अजूनही 'पण'च्या पुढे जाता येत नाही.

पुढे मुंबईला तपासणी झाली. आजार तोच निघाला. सुगंधाचा नवरा मुंबईहून आला तेव्हा माझ्याकडे येऊन गेला. गप्प, सरळ माणूस. चपला जिन्याखाली काढून वर आला. त्याचा प्रश्न एकच होता. "पुढचा पोर पन असाच व्हनार?"

"मुलगा झाला तर निम्मी शक्यता," मी म्हटलं. "मुलगी झाली तर तिला सहसा त्रास होत नाही, पण तिच्या मुलांना होऊ शकतो."

"निम्मी," तो म्हणाला. मान हलवली आणि चपला घालून गेला.

मे महिन्याच्या आत सुगंधा पोरासकट माहेरी होती. माहेर फार लांब नव्हतं, आणि असली बातमी एसटीच्या आधी पोचते. धाकट्या बहिणीचं जमलेलं मोडलं. पोर वाचलं, तेवढं वाचलं.

त्यानंतर ती मला दिसली ते संजूचे दुधाचे दात हलायला लागले तेव्हा. दत्ता गेला त्याच वयाचं पोर झालं होतं. दात पडायची वाट न बघता ती आधीच घेऊन आली. बरोबर चार-पाच वर्षांची एक मुलगी होती, तेव्हा पोटात होती ती. मी दाताला हात लावला नाही. त्याच इस्पितळात पाठवलं, ताज्या रक्ताची तयारी ठेवायला लावली, आणि दात तिथेच आपला आपण पडला. थोडं झिरपलं, थांबलं. परत जाताना मला दाखवायला आली.

बाकावर शेजारी एक म्हातारी बसली होती. "खैचा दात पडला रे?" म्हणत तिने मायेनं संजूच्या ओठाकडे हात नेला. त्या चिमुरड्या मुलीने फटकन तिच्या हातावर चापट मारली. "व्हट उचलायचा नाय," म्हणाली. म्हातारी हसली. मुलगी हसली नाही.

सुगंधा आत आली, संजूची जखम दाखवून झाली, तरी उठेना. मग तिने विचारलं, "डाक्टर, हिच्या लग्नात सांगायचा का नाय?"

"सांगायचं," मी म्हटलं. मी डॉक्टर आहे, दुसरं काय सांगणार.

"व्हय," ती म्हणाली. दोन्ही पोरांकडे बघत राहिली. "माझ्या आवशीन सांगितलान असता तर माझा लगीनच झाला नसता. ही दोघां पन नसती."

ती रागाने म्हणाली नव्हती. हिशोब जुळत नाही तेव्हा माणूस पुन्हा एकदा पहिल्यापासून बघतो, तसं म्हणाली. मग संजूचं बोट धरलं, मुलीला कडेवर घेतलं आणि जिना उतरून गेली.

एक्स-रे मशीन नंतर दुरुस्त झालं. तरी कुठल्याही सुनेला काही विचारायचं असलं की मी एक्स-रे काढायचाय असंच सांगत असे. सासवा खाली जायच्या.

तेव्हा पोर तोंडावर आपटलं तर घाबरू नका. ओलं फडकं बाहेरून दाबा, पोराला बसतं ठेवा, आणि ओठ उचलून बघू नका. बाकीच्यांनाही बघू देऊ नका. दोन-तीनदा नीट दाबूनही थांबलं नाही, किंवा थांबून पुन्हा पुन्हा झिरपलं, तर शिमगा असो की दिवाळी, डॉक्टर गाठा. त्याने मामाबद्दल विचारलं तर खरं सांगा. सांगताना खोलीत कोण आहे ते मात्र आधी बघून घ्या.